कोळ्यांची भीती आणि व्हिडिओ गेम: खेळ सोडावा, बदलावा की तसाच खेळावा?

प्रश्न: उदगीरकर

नमस्कार. मला लहानपणापासून कोळ्यांची तीव्र भीती वाटते आणि आता ही भीती गेम खेळण्याच्याही आड येऊ लागली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे. गावाकडच्या आमच्या माळवदाच्या घरात रात्री दिवा लावला की चुना दिलेल्या भिंतीवर तळहाताएवढा चपटा कोळी दिसायचा. तो दिसण्यापेक्षाही पुढच्या क्षणी तो कोणत्या बाजूला पळेल हे न कळण्याचीच मला जास्त धास्ती वाटायची. ती धास्ती आजही तशीच आहे आणि पडद्यावरचा कोळी खोटा आहे हे पक्के माहीत असूनही ती कमी होत नाही.

सुट्टीत मावसभावंडे जमलो की आम्ही मिळून ग्राउंडेड हा गेम खेळतो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, या गेममध्ये मुंगीएवढी झालेली मुले घरामागच्या अंगणात अडकलेली असतात आणि गवताची पाती तोडून, दवाचे थेंब पिऊन, निवारा बांधून त्यांना तग धरायचा असतो. बांधकाम करणे आणि नवे भाग धुंडाळणे या दोन्ही गोष्टी मला मनापासून आवडतात. परंतु त्या अंगणात कोळीही आहेत आणि मुंगीच्या उंचीवरून ते अक्राळविक्राळ दिसतात. अंधार पडला की त्यांच्यातली एक जात शिकारीला बाहेर पडते, त्यामुळे रात्री मी निवाऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. त्यांच्या पायांचा आवाज नको म्हणून हेडफोन काढून ठेवते आणि मग मागून काय येते आहे हेच न कळल्याने हमखास मारली जाते. कोळी समोर आला की माझी नजर आपोआप पडद्याच्या कडेला जाते, हात घामेजतात, मानेवर काटा येतो, आणि गेम बंद केल्यावरही चादर झटकल्याशिवाय मला अंथरुणावर पडवत नाही. स्कायरिम तर मी पहिल्याच मोठ्या गुहेत सोडून दिला, कारण तेथे छतातून उतरणाऱ्या प्रचंड कोळ्याला मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

कोळ्यांचे रूप बदलण्याची सोय सेटिंगमध्ये असते असे माझा भाऊ म्हणतो, पण “मग खेळण्यासारखे उरले काय” असेही तोच म्हणतो. म्हणून दोन प्रश्न विचारते. असे सेटिंग वापरल्याने खेळ उणा होतो का? आणि कोळी आहेत तसेच ठेवून नेटाने खेळत राहिले, तर भीती मोडते की वाढते?

उत्तर: चाचणीवाला, छत्रपती संभाजीनगर

नमस्कार ताई. गेम बाजारात येण्याआधी ते खेळून त्यातले दोष शोधण्याचे काम मी करतो, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आपण ज्या गेमबद्दल लिहिले आहे, तोच या बाबतीत सर्वांत विचारपूर्वक केलेला आहे असे माझे मत आहे. ग्राउंडेड २०२० मध्ये अपूर्ण स्वरूपात खेळाडूंच्या हाती आला आणि २०२२ मध्ये पूर्ण झाला. त्यातला अरॅक्नोफोबिया मोड, म्हणजे कोळ्यांची भीती असणाऱ्यांसाठीचे सेटिंग, हा नुसता चालू-बंद करण्याचा खटका नाही, ती एक सरकपट्टी आहे. पट्टी सरकवत नेली की आधी कोळ्याचे पाय कमी होतात, मग नाहीसे होतात, पुढे अंगावरचे तपशील पुसले जातात आणि शेवटच्या टोकाला तरंगणारे साधे गोळे उरतात. एखाद्याला केस आणि जबडा चालतो पण पाय बघवत नाहीत, दुसऱ्याला उलट वाटते. म्हणून भीती नेमकी कशाची आहे हे खेळाडूने स्वतः ठरवावे, अशी ही रचना आहे. आपण अजून ही पट्टी हाताळली नसेल, तर कोळी समोर नसताना, शक्यतो दिवसा आणि सुरक्षित निवाऱ्यात उभे राहून ती आधी शेवटच्या टोकाला न्या आणि खेळू लागा.

इतर गेमनी वेगवेगळे मार्ग काढले आहेत. सॅटिसफॅक्टरीमध्ये कोळ्यासारख्या प्राण्यांच्या जागी मांजरांची चित्रे दिसतात. मात्र गंभीर चेहऱ्याचे मांजर अंधारातून अंगावर धावून येते तेव्हा काहींना तेही सुखाचे वाटत नाही. लीथल कंपनी या गेमने प्राण्याचे चित्रच काढून टाकले आणि त्याच्या जागी कोळी या अर्थाचा इंग्रजी शब्द ठळक अक्षरांत चालता केला. हॉगवर्ट्स लेगसी २०२३ मध्ये आला तेव्हा त्यात अशी सोय नव्हती. ती जून २०२४ मधल्या सुधारणेत मिळाली आणि तिच्यात रूपाबरोबर कोळ्यांचे आवाजही कमी केले आहेत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २०२४ च्याच ब्लॅक ऑप्स ६ मध्ये झोंबी विभागातल्या कोळीसदृश शत्रूंचे रूप बदलता येते. स्कायरिम २०११ चा असल्याने त्यात अधिकृत सोय नाही, पण संगणकावर खेळणाऱ्यांसाठी कोळ्यांच्या जागी अस्वले आणणारे मॉड, म्हणजे गेममध्ये फेरफार करणाऱ्या जोडफाइली, खेळाडूंनीच तयार केलेले आहेत. आपण सोडलेली ती गुहा अस्वलाशी लढून पार करता येईल.

आता खेळ उणा होतो का, याविषयी. बहुतेक ठिकाणी हा मोड फक्त दिसणे बदलतो. शत्रूचा वेग, त्याची ताकद, तो कोठे दबा धरून बसतो आणि किती घावांत मरतो, यांत काहीही फरक पडत नाही. उलट एक अडचण वाढते आणि ती आधीच सांगून ठेवतो. कोळी झेप घेण्याआधी पुढचे पाय उचलतो, अंग मागे खेचतो, आणि त्यावरून खेळाडू ढाल कधी पुढे करायची हे ठरवतो. पायच काढून टाकले की ही खूण पुसट होते. म्हणजे मोड लावणाऱ्याला सवलत मिळते असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही, त्याला कमी माहितीवर तीच लढाई लढावी लागते. त्यामुळे एक विनंती आहे, आवाज बंद करू नका. गोळा दिसू लागल्यावर आवाज सहन होतो का हे पाहा, कारण पाठीमागच्या हल्ल्याची सूचना आपल्याला कानांनीच मिळणार आहे. अगदीच सहन झाले नाही, तर हेडफोनऐवजी टीव्हीच्या स्पीकरवर हलक्या आवाजात ऐका; कानाला लागून येणारा आवाज अंगावर आल्यासारखा वाटतो, खोलीतून येणारा तितका वाटत नाही.

उत्तर: जुना खेळाडू, बीड

वरील माहिती उपयुक्त आहे, तरीही मी वेगळे मत मांडतो आणि ते कोणाला कमी लेखण्यासाठी मांडत नाही. गेममधली भीती हा त्या कलाकृतीचाच भाग असतो. २०१० च्या लिंबो या गेममध्ये सुरुवातीलाच एक महाकाय कोळी पाठीस लागतो. सगळा गेम काळ्या-पांढऱ्या सावल्यांचा आहे, कोळ्याचा एकही केस दिसत नाही, केवळ लांबलचक पायांची काळी आकृती दिसते आणि तेवढ्यानेच काळजाचे पाणी होते. पुढे तोच कोळी एकेक पाय गमावत जातो, शेवटचा पाय तर खेळणारा मुलगाच ओढून तोडतो आणि त्याचे धड ढकलत नेऊन खड्डा ओलांडण्यासाठी वापरतो. भीतीकडून दयेकडे आणि दयेकडून अपराधी भावनेकडे होणारा हा प्रवास कोळ्याच्या जागी गोळा ठेवला असता तर झालाच नसता. म्हणून मला वाटते की ज्यांना शक्य आहे त्यांनी गेम जसा घडवला आहे तसाच अनुभवावा, आणि ज्यांना शक्य नाही त्यांनी तो गेम सोडून दुसरा घ्यावा.

उत्तर: समुपदेशक, नांदेड

मी मानसशास्त्र शिकवते आणि समुपदेशनही करते. बीडच्या दादांनी लिंबोबद्दल जे लिहिले आहे ते मला पटले, पण त्यातूनच पुढचा मुद्दा निघतो. कलाकृतीतली भीती चढते, उतरते आणि तिचे दुसऱ्या भावनेत रूपांतर होते. ज्या व्यक्तीला कोळ्याचा फोबिया आहे तिची भीती मात्र पहिल्याच क्षणी टोकाला जाते आणि तेथेच थांबते. दयेपर्यंत पोचण्याआधीच तिने पडद्यावरून नजर काढलेली असते. त्यामुळे मूळ स्वरूपातला गेम खेळूनही त्या व्यक्तीला मूळ अनुभव मिळत नाही. उदगीरच्या ताई स्कायरिमच्या गुहेतून परत फिरल्या, म्हणजे त्या गेमचा पुढचा सगळा भाग त्यांच्यासाठी नाहीसाच झाला. त्यांना दुसरा गेम घेण्याचा सल्ला देण्यापेक्षा हाच गेम त्यांच्यासाठी खुला करणे मला अधिक न्यायाचे वाटते.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. कोळ्यांच्या भीतीत घाबरण्याइतकाच किळसेचाही वाटा असतो, हे आधी ध्यानात घ्यावे. “तो काही करत नाही” असे कोणी कितीही समजावले तरी धोक्याचा विचार शांत होतो, किळस तशीच राहते. गेम संपल्यावर चादर झटकावीशी वाटते ती बहुधा यामुळेच. फोबिया म्हणण्यासाठी ही भीती दीर्घकाळ, साधारणपणे सहा महिने किंवा त्याहून अधिक टिकलेली असावी लागते आणि तिने रोजच्या जगण्यात ठळक अडथळा आणलेला असावा लागतो. आपल्याला तो आहे की नाही हे मी येथून ठरवू शकत नाही आणि ठरवूही नये.

भीती टिकवून धरणारी मुख्य गोष्ट म्हणजे टाळणे. हेडफोन काढला, नजर वळवली, निवाऱ्यात बसून राहिले की त्या क्षणी सुटका होते आणि मन त्यातून एवढेच शिकते की टाळले म्हणून वाचलो. पुढच्या वेळी टाळण्याची ओढ अधिक बळकट होते. म्हणूनच उपचारात भीतीच्या वस्तूला टप्प्याटप्प्याने सामोरे नेले जाते. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऑस्ट यांनी १९८९ मध्ये अशा भीतीवर जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच बैठकीत उपचार करण्याची पद्धत मांडली. पुढे अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी हेच काम आभासी जगात करून पाहिले. अझुसेना गार्सिया-पालासिओस, हंटर हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००२ मधील अभ्यासात अवघे २३ जण होते, परंतु ज्यांनी आभासी कोळ्याला सरासरी चार तासाभराच्या बैठकांत सामोरे जाऊन पाहिले त्यांच्यापैकी ८३ टक्के लोकांत लक्षणीय सुधारणा झाली आणि नुसती वाट पाहणाऱ्या गटात ती कोणातही झाली नाही. अभ्यास लहान होता हे खरे, तरी पडद्यावरचा खोटा कोळीही मनाला शिकवू शकतो एवढे त्यातून नक्कीच दिसते.

मग गेम तसाच नेटाने खेळत राहिल्यास तोच परिणाम होईल का? माझे उत्तर नाही असे आहे, आणि कारण स्पष्ट आहे. उपचारात पुढची पायरी कोणती आणि ती कधी चढायची हे त्या व्यक्तीच्या संमतीने ठरते, कोळी अचानक अंगावर सोडला जात नाही आणि भीती ओसरायला पुरेसा वेळ दिला जातो. गेममधला कोळी मात्र दचकवण्यासाठीच घडवलेला असतो, तो अंधारातून येतो आणि खेळाडू हरला की त्याला मारूनही टाकतो. अशा प्रसंगातून आपल्याला वाटत होते ते खरेच होते, एवढाच धडा मिळण्याचा संभव अधिक. भावंडांनी कौतुकाने का होईना, पण “एकदा बघ तर, काही होत नाही” म्हणून पडद्यासमोर बसवणे याच कारणाने टाळावे.

ग्राउंडेडची ती सरकपट्टी मात्र मला फार मोलाची वाटते, कारण तिचा ताबा सर्वस्वी आपल्या हाती आहे. शेवटच्या टोकाच्या गोळ्यांचा कंटाळा येईपर्यंत खेळा. मन खरोखर शांत राहू लागले, तर पट्टी एकच घर मागे घ्या आणि तेथेही तितकाच वेळ राहा. मागे यायचे नसेल तर येऊ नका. आपण गेम खेळायला बसलेल्या आहात, उपचाराला नव्हे, आणि दोन्ही एकाच वेळी साधलेच पाहिजे असे बंधन नाही. घरात वावरताना, झोपताना, शेतात जाताना ही भीती आपले जगणे अडवत असेल, तर प्रत्यक्ष तज्ज्ञांना भेटावे. १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, ती विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

उत्तर: कृषी पदवीधर, परभणी

उपचारांविषयी वरील ताईंनी लिहिलेच आहे, मी फक्त खऱ्या कोळ्यांविषयी आणि त्यांच्या चालीविषयी लिहितो, कारण प्रश्नकर्त्या ताईंनी “कोणत्या बाजूला पळेल हे कळत नाही” असे म्हटले आहे.

कोळ्याच्या पायांतल्या काही सांध्यांना पाय लांबवणारे स्नायूच नसतात. तो शरीरातल्या द्रवाचा दाब वाढवून पाय सरळ करतो. मेलेल्या कोळ्याचे पाय आत आखडलेले दिसतात ते हा दाब नाहीसा झाल्यामुळे. त्याला दमही लवकर लागतो, म्हणून तो एकदम धावतो, एकदम थांबतो आणि मग बराच वेळ हलत नाही. गेम तयार करणारे हीच धाव आणि हाच थांबा उचलतात, पण दम लागण्याचा भाग सोडून देतात. खरा कोळी माणसाचा पाठलाग करत नाही. भिंतीवरचा तो चपटा मोठा कोळी झुरळांच्या मागावर असतो आणि आपली चाहूल लागली की फटीत शिरतो. त्याची मादी कधी कधी पोटाखाली पांढरी चपटी चकती धरून चाललेली दिसते, ती तिच्या अंड्यांची पिशवी असते.

आमच्याकडे कपाशीत कोळ्यांना मित्रकीटकांच्या बरोबरीने धरतात, कारण ते तुडतुड्यांसारख्या किडींचा फडशा पाडतात. पावसाळा सरत आला की बांधावरच्या झुडपांत एक कोळी हमखास सापडतो. तो जाळ्याच्या मधोमध डोके खाली करून बसतो, आठ पाय दोन-दोन जोडून फुलीच्या आकारात ताणतो, आणि जाळ्यावरही त्याच रेषेत पांढऱ्या धाग्याची नागमोडी वीण घालतो. काडीने जाळ्याला हलकेच स्पर्श केला तर तो पळत नाही, जागच्या जागी सगळे जाळे झुलवू लागतो. वसतिगृहात मित्रांबरोबर गेम खेळताना मला कोळ्याच्या धाव-थांब चालीच्या ओळखीचा उपयोग झाला: पडद्यावरचा कोळी थांबला की तो आता झेपेच्या तयारीत आहे हे मला चटकन ओळखू येऊ लागले. ताईंनी हे आजच पाहावे असे मी मुळीच म्हणत नाही, पण चाल समजली की अनिश्चितता काहीशी कमी होते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर: उदगीरकर

सर्वांचे मनापासून आभार. पट्टी शेवटच्या टोकाला नेऊन आम्ही पुन्हा खेळायला सुरुवात केली आहे आणि रात्रीच्या वेळी गवतात मी पहिल्यांदाच भावाच्या पुढे चालले. गोळा झेप कधी घेणार हे खरोखरच ओळखू येत नाही, म्हणून आता भाऊ ढाल धरतो आणि मी मागून बाण मारते. “खेळण्यासारखे उरले काय” हे वाक्य त्याने परत उच्चारलेले नाही.

आणखी एक अडचण आहे. माझा धाकटा भाऊ मोबाइलवर माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांच्या जगाचा गेम खेळतो आणि त्यालाही माझ्यासारखीच भीती आहे. त्यात असे सेटिंग मला सापडले नाही. त्याच्यासाठी काही करता येईल का?

उत्तर: चाचणीवाला, छत्रपती संभाजीनगर

ताई, माइनक्राफ्टमध्ये ग्राउंडेडसारखी पट्टी नाही, पण मार्ग आहेत. सर्वांत सोपा म्हणजे काठिण्यपातळी पीसफुल, म्हणजे शांततेची, ठेवणे. मग कोळी आणि रात्रीचे इतर शत्रू येतच नाहीत. त्याला लढाई हवी असेल, तर कोळ्याचे रूप बदलणारा रिसोर्स पॅक, म्हणजे गेममधली चित्रे आणि आवाज बदलणारा फाइलींचा संच, मोबाइलवरही घालता येतो आणि तो फक्त त्याच्याच पडद्यावर लागू होतो, सोबत खेळणाऱ्या मित्रांना काही फरक पडत नाही. पॅक लावल्यावर आवाजही बदलतो का हे आधी तपासून घ्या, कारण कोळ्याचा फुत्कार तसाच राहिला तर अर्धेच काम होते.

पॅक नको असेल, तर कोळ्याचे नियम त्याला सांगून ठेवा. लख्ख दिवसाउजेडी कोळी आपण छेडल्याशिवाय हल्ला करत नाही. तो भिंतीवर चढतो, म्हणून उंच कुंपण पुरत नाही, वर छप्पर हवे. त्याचे अंग रुंद असल्याने एका ठोकळ्याएवढ्या फटीतून त्याला शिरता येत नाही, त्यामुळे घराचे दार एका ठोकळ्याचेच ठेवावे. जुन्या खाणींत लहान, विषारी कोळी असतात, तेथे जाऊ नये. धनुष्य आणि गळ यांसाठी दोरा लागतो आणि तो सहसा कोळ्याला मारून मिळवतात, पण मांजर माणसाळवून रात्री बिछान्यावर झोपले तर सकाळी ते काही वेळा भेट आणून देते आणि त्या भेटींत दोराही असतो. दोऱ्याची सोय होईपर्यंत तलवार आणि ढाल यांवर भागवावे. ढालीला फळ्या आणि लोखंडाची एक लगड एवढेच लागते.